माडीवरच्या खोलीतलं गीत : पवित्र सप्ताह घरातून पाळताना

आजचं वाचन : मत्तय २६:१७-३०, स्तोत्र ११८, लूक २४:१३-३५



पवित्र सप्ताह जवळ आला की मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर उपासनेच्या वेळा येऊ लागतात. झावळ्यांच्या रविवारी सकाळी, आज्ञा गुरुवारी संध्याकाळी, उत्तम शुक्रवारी बारा ते तीन, आणि पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे. ही यादी वाचताना काहींच्या मनात आनंद असतो, तर काहींच्या मनात एक खंत. कारण गुरुवारी सुट्टी नाही, संध्याकाळची शिफ्ट आहे. कुणी पीजीमध्ये राहतं, शहर नवीन आहे, मराठी उपासना कुठे होते तेच माहीत नाही. कुणाचे वडील अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांना सोडून तीन तास बाहेर राहता येत नाही. कुणी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे आणि उत्तम शुक्रवारी तिची ड्युटी लागली आहे. कुणाच्या घरी तो एकटाच विश्वासात आहे आणि घरच्यांसमोर उघडपणे काही करता येत नाही.

मग मोबाईलवर लाइव्ह उपासना लावली जाते. ती संपते. आणि मनात प्रश्न राहतो : मी खरंच उपासना केली की फक्त पाहिली? देवाने हे धरलं का?

आज या प्रश्नाकडे शास्त्राच्या उजेडात पाहू या. उत्तर "हो, चालतंय" इतकं सोपं नाही, आणि "नाही, हे काही खरं नाही" इतकं कठोरही नाही.

१. पहिला आज्ञा गुरुवार एका घरात झाला

आपण गुरुवारी संध्याकाळी ज्या घटनेची आठवण करतो ती मंदिरात घडली नव्हती. यरुशलेमेत त्या वेळी भव्य मंदिर होतं, सणासाठी शहर भरून गेलं होतं. तरी प्रभूने शिष्यांना एका घरी पाठवलं. मार्क १४:१५ आणि लूक २२:१२ सांगतात की घरधन्याने त्यांना माडीवरची एक मोठी खोली दाखवली, सजवून तयार ठेवलेली. ती खोली त्यांची स्वतःची नव्हती, दुसऱ्याची होती. म्हणजे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या रात्रीत परकं वाटावं असं काही नाही!

हे अचानक घडलेलं नव्हतं. वल्हांडण हा सण देवाने मुळातच घराला दिला होता. निर्गम १२ वाचा. कोकरू घराण्याघराण्याने घ्यायचं, रक्त घराच्या दाराला लावायचं, जेवण घरात करायचं. पुढे २६ व्या वचनात तर मुलं विचारतील की याचा अर्थ काय, तेव्हा काय सांगायचं हेसुद्धा देवाने शिकवलं. म्हणजे तारणाची गोष्ट पहिल्यांदा सांगायची ती जागा जेवणाचं ताट, आणि ऐकणारे घरचे लोक.

म्हणून घरात केलेली उपासना ही देवाने नाइलाजाने मान्य केलेली दुय्यम गोष्ट आहे, असं समजू नका. शास्त्रात घराला स्वतःची जागा आहे.

२. एकच स्तोत्र, दोन जागा

आता मत्तय २६:३० पाहा. एकच छोटं वचन आहे आणि बहुतेक वेळा आपण ते ओलांडून पुढे जातो. भोजन झाल्यावर त्यांनी गीत गाइलं आणि मग ते जैतुनांच्या डोंगराकडे निघाले, असं ते सांगतं. मार्क १४:२६ मध्येही तेच आहे.

येशू गात होता! वधस्तंभाच्या आदल्या रात्री, पकडले जाण्याच्या काही वेळ आधी, त्याने आपल्या लोकांबरोबर गाणं म्हटलं.

कोणतं गाणं? वल्हांडणाच्या जेवणाच्या वेळी यहुदी लोक स्तोत्र ११३ ते ११८ गात असत. या स्तोत्रांना 'हल्लेल' म्हणतात, म्हणजे स्तवन. सुरुवातीची जेवणाआधी आणि उरलेली जेवणानंतर, अशी पद्धत होती. म्हणून त्या रात्री शेवटी स्तोत्र ११५ ते ११८ गायली गेली असावीत असं बहुतेक अभ्यासक मानतात.

आता हे मनात ठेवून ती स्तोत्रं उघडा. ११६ मध्ये मृत्यूच्या दोऱ्यांनी वेढलेल्या माणसाची हाक आहे आणि तारणाचा प्याला उचलण्याची भाषा आहे. ११८ मध्ये बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगड आहे, यज्ञपशू वेदीला बांधण्याची गोष्ट आहे, आणि सुरुवातीला व शेवटी देवाची दया सनातन आहे ही घोषणा आहे. प्रभूने हे शब्द स्वतःच्या ओठांनी म्हटले असतील तेव्हा त्याला माहीत होतं की नाकारलेला दगड कोण आणि बांधला जाणारा यज्ञ कोणता.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. झावळ्यांच्या रविवारी लोकांनी रस्त्यावर "होसान्ना" म्हणत ज्या शब्दांनी येशूचं स्वागत केलं, ते शब्दही याच स्तोत्र ११८ मधले आहेत. २५ आणि २६ वचन काढून पाहा.

म्हणजे एकाच आठवड्यात एकच स्तोत्र दोन ठिकाणी गाइलं गेलं. रविवारी रस्त्यावर, मोठ्या गर्दीत, झावळ्या आणि अंगरखे पसरून. आणि गुरुवारी रात्री एका खोलीत, मोजक्या माणसांत. योहान १३:३० प्रमाणे यहूदा तोवर निघून गेला होता, म्हणजे उरले अकरा. त्यांच्यातला पेत्र थोड्याच तासांत "मी त्याला ओळखत नाही" म्हणणार होता. बाकीचे पळून जाणार होते. असे ते गाणारे! तरी प्रभूने त्यांच्याबरोबर आवाज मिळवला.

मला वाटतं, घरातून उपासना करणाऱ्यासाठी यात मोठा दिलासा आहे. रविवारच्या गर्दीतलं गाणं प्रभूने स्वीकारलं, आणि परूशी त्याला थांबवा म्हणाले तेव्हा त्याने नकार दिला (लूक १९:३९-४०). गुरुवारच्या खोलीतलं गाणंही त्याचंच होतं. गर्दी असली म्हणजे गाणं मोठं झालं असं नाही, आणि खोली लहान म्हणून ते कमी झालं असंही नाही. तुझा सूर बरोबर नसेल, मनात शंका असतील, काल तू प्रभूला नाकारल्यासारखं वागला असशील, तरी त्या खोलीत तुला जागा आहे.

३. घर लहान असेल तर?

निर्गम १२:४ मध्ये एक फार व्यवहारी सूचना आहे. एखादं घराणं इतकं लहान असेल की त्याला पूर्ण कोकरू खाऊन संपणार नाही, तर त्याने शेजारच्या घराबरोबर मिळून ते घ्यावं.

देवाला लहान घरांची आठवण होती! तारणाच्या त्या रात्री कुणी एकटं राहू नये म्हणून त्याने आधीच सोय केली.

आज वन रूम किचनमध्ये एकटा राहणारा मुलगा, हॉस्टेलमधली मुलगी, परदेशात शिकायला गेलेला विद्यार्थी ही सगळी "लहान घराणी" आहेत. त्यांना हे वचन सांगतं : शेजारी शोध. ऑफिसमध्ये कुणी ख्रिस्ती आहे का? त्याच इमारतीत कुणी मल्याळी, तमिळ, गोव्याचं किंवा वसईचं कुटुंब आहे का? मंडळी वेगळी असेल, भाषा वेगळी असेल. चालेल. वल्हांडणाच्या कोकराला शेजाऱ्याची भाषा विचारायची गरज पडली नाही.

आणि ज्यांची घरं मोठी आहेत, भरलेली आहेत, त्यांच्यासाठी हेच वचन उलट दिशेने वाचायचं आहे. या आठवड्यात कुणाला तरी आपल्या घरी बोलवा. लाइव्ह उपासना बघायचीच असेल तर दोन घरांनी एकत्र बसून बघा.

४. पाहणं वेगळं, सहभागी होणं वेगळं

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. मी उपासना केली की फक्त पाहिली?

दानीएल ६:१० मध्ये दानीएल बाबेलमध्ये आपल्या घरी, माडीवर, प्रार्थना करतो. त्याच्या खिडक्या यरुशलेमेकडे उघडलेल्या होत्या. तिथून यरुशलेम दिसत नव्हतं, शेकडो कोस दूर होतं. मंदिर तर पाडलं गेलं होतं. तरी तो दिवसातून तीनदा त्या खिडकीपाशी गुडघे टेकत असे. खिडकी त्याच्यासाठी दिशा होती. तो खिडकी बघत बसला नाही, तिच्यापाशी त्याने गुडघे टेकले.

मोबाईलचा स्क्रीन ही आपल्यासाठी तशी खिडकी होऊ शकते. पण गुडघे आपल्यालाच टेकावे लागतात.

२०२० मध्ये हे सगळ्या जगाने अनुभवलं. त्या वर्षी उत्तम शुक्रवार १० एप्रिलला आणि ईस्टर १२ एप्रिलला होता. आपल्याकडे लॉकडाऊन सुरू होता. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस रोममध्ये सेंट पीटरच्या रिकाम्या चौकात पावसात उभं राहून प्रार्थना करत होते. ईस्टरच्या दिवशी इटालियन गायक आंद्रेआ बोचेल्ली मिलानच्या रिकाम्या कॅथेड्रलमध्ये गायले आणि जगभर लोकांनी ते घरात बसून ऐकलं. तेव्हा आपल्यातल्या अनेकांच्या घरी पहिल्यांदाच आईवडील, मुलं, आजीआजोबा एकत्र बसून पवित्र सप्ताह पाळत होते. आणि त्याच काळात एक वाईट सवयही लागली : उपासना पार्श्वसंगीतासारखी चालू ठेवायची, एकीकडे भाजी चिरायची, दुसरीकडे चॅट करायचं. वाचन कंटाळवाणं वाटलं तर पुढे ढकलायचं. संदेश दीडपट वेगाने ऐकायचा.

प्रभूचं दुःखसहन दीडपट वेगाने ऐकता येत नाही. शिष्यांकडे त्याने गेथशेमानेत एकच गोष्ट मागितली, की माझ्याबरोबर जागे राहा (मत्तय २६:३८-४०). एक तासही त्यांना जमलं नाही. आपल्याला काय कठीण आहे हे त्याला आधीपासून माहीत आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी करून पाहा :

• जागा ठरवा. पलंगावर आडवं पडून नको. एक खुर्ची, समोर बायबल, जमलं तर मेणबत्ती.

• मोबाईल हातात धरू नका, कशाला तरी टेकवून ठेवा. बाकीच्या सूचना बंद करा. जमेल तर लॅपटॉप किंवा टीव्हीला जोडा.

• उपासनेत उभं राहायला सांगितलं की उभे राहा. गुडघे टेकायला सांगितलं की टेका. शरीर जागं झालं की मनही जागं होतं.

• प्रतिसाद मोठ्याने द्या. "आमेन" म्हणा. गीत सुरू झालं की ऐकत बसू नका, गा.

• व्हिडिओ कॉलवर मित्रांबरोबर गाणार असाल तर एक लक्षात ठेवा. प्रत्येकाचा आवाज थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे सगळे एकदम गायला लागले की गोंधळ होतो. एकानेच माइक चालू ठेवून गावं, बाकीच्यांनी म्यूट करून आपापल्या खोलीत मोकळ्या गळ्याने त्याच्याबरोबर गावं.

प्रभुभोजनाबद्दल प्रत्येक मंडळीची शिकवण वेगळी आहे. घरी भाकर आणि रस घेऊन स्क्रीनसमोर बसावं की नाही, हे आपल्या पाळकांना किंवा फादरांना विचारा आणि त्यांचं ऐका. कुणाला दाराशी येऊन प्रभुभोजन द्यायची सोय अनेक मंडळ्यांत असते. आजारी आईवडिलांसाठी ती मागायला लाजू नका.

५. आवाज काढता येत नसेल तेव्हा

काही वाचकांची अडचण याहून खोल आहे. घरात कुणाला माहीत नाही. किंवा माहीत आहे, पण आवडत नाही. रूममेट झोपलेली आहे. वॉर्डमध्ये पेशंट आहेत. मोठ्याने गाणं शक्यच नाही.

१ शमुवेल १ मधली हन्ना आठवा. ती मनातल्या मनात बोलत होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज ऐकू येत नव्हता (वचन १३). एली याजक समोर बसला होता, त्याला वाटलं ही बाई प्यायलेली आहे. माणसाला, आणि तेही याजकाला, समजलं नाही. देवाने ऐकलं.

तुझे फक्त ओठ हलत असतील तर तेवढं पुरे आहे. कानात इअरफोन घालून, पांघरुणाखाली, एका गीताचे शब्द मनात म्हटलेस तरी ती उपासना आहे. कुणाशी भांडण करून, घर पेटवून पवित्र सप्ताह पाळायची गरज नाही. शांतपणे, खोटं न बोलता, प्रेमाने वाग. हन्ना घरी परत गेली तेव्हा तिचा चेहरा पूर्वीसारखा उतरलेला राहिला नाही, असं १८ वं वचन सांगतं. घरच्यांना कधीकधी गाण्याआधी चेहरा वाचता येतो.

आणि ज्यांना मोठ्याने गाता येतं त्यांनी प्रेषितांची कृत्ये १६:२५ वाचावं. पौल आणि सीला तुरुंगात होते, पाय खोड्यात अडकवलेले, पाठीवर मार. मध्यरात्री ते प्रार्थना करत गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. तुझ्या भिंतीपलीकडे कोण ऐकत आहे हे तुला माहीत नसतं.

६. चार दिवस, घरातून

आता प्रत्यक्ष काय करायचं? ज्यांना मंडळीत जाता येणार नाही त्यांच्यासाठी हा एक साधा क्रम. सगळंच करायला पाहिजे असं नाही. जमेल तेवढं मन लावून करा.

आज्ञा गुरुवार. संध्याकाळी योहान १३ वाचा. प्रभूने पाय धुतले. घरी कुणी म्हातारं माणूस असेल तर कोमट पाण्याने त्यांचे पाय धुवा. तेवढं संकोचाचं वाटत असेल तर आज सगळ्यांची भांडी तुम्ही घासा, न सांगता. जेवणानंतर स्तोत्र ११६ आणि ११८ मोठ्याने वाचा, येशूने जेवणानंतर गाइलं त्याची आठवण म्हणून. मग दिवे मालवून थोडा वेळ शांत बसा. मत्तय २६:३६-४६ वाचा.

ज्यांना शास्त्रीय संगीत आवडतं किंवा ऐकून पाहायचं आहे त्यांनी योहान सेबास्तियन बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' ऐकावं. हे १७२७ मध्ये जर्मनीतल्या लाइप्झिग इथे उत्तम शुक्रवारच्या उपासनेसाठी पहिल्यांदा गाइलं गेलं असं मानलं जातं. भाषा जर्मन आहे, पण घाबरू नका. त्यातली कथा म्हणजे मत्तयाचा २६ वा आणि २७ वा अध्याय, जशाच्या तशा. मराठी बायबल हातात धरून बोट फिरवत ऐकलं तर वाट चुकत नाही. मध्ये मध्ये मननाची गाणी येतात, तेव्हा थांबायचं. पूर्ण रचना साधारण पावणेतीन तासांची आहे आणि तिचे दोन भाग आहेत. त्या काळी दोन भागांच्या मध्ये उपदेश होत असे. पहिला भाग गेथशेमानेत येशूला पकडतात तिथे संपतो, म्हणून तो गुरुवारी रात्री ऐका. दुसरा शुक्रवारी.

यात दोन जागा जरूर लक्ष देऊन ऐका. येशू म्हणतो की तुमच्यातला एक मला धरून देईल, तेव्हा गायकवृंद एकामागून एक विचारतो, "प्रभू, मी तो आहे का?" त्यात "प्रभू" हा शब्द अकरा वेळा येतो. अकरा शिष्यांचा एकेक, यहूदाचा नाही. आणि लगेच पुढचं गीत सुरू होतं ते मंडळीचं, आणि ती मंडळी दोष दुसऱ्या कुणावर न टाकता स्वतःवर घेते. लाइप्झिगच्या लोकांना ही मंडळीची गीतं लहानपणापासून माहीत होती. म्हणजे प्रश्न शिष्यांनी विचारला आणि उत्तर बाकावर बसलेल्यांच्या ओळखीच्या चालीत आलं. आज ते उत्तर तुझ्या खुर्चीपर्यंत येतं.

दुसरी जागा वधस्तंभावरची. संपूर्ण रचनेत येशू बोलतो तेव्हा तंतुवाद्यांचे लांब सूर त्याच्या शब्दांभोवती प्रभेसारखे असतात. पण देवाने मला का सोडलं या हाकेच्या वेळी (मत्तय २७:४६) ते सूर थांबतात. तो एकटा असतो. हे ऐकल्यावर उपदेश करायला फारसं काही उरत नाही.

उत्तम शुक्रवार. बारा ते तीन, मार्क १५:३३ मधला अंधाराचा वेळ. मंडळीत सात उद्गारांवर मनन होतं, तेच घरी करा. लूक २३:३४, लूक २३:४३, योहान १९:२६-२७, मत्तय २७:४६, योहान १९:२८, योहान १९:३०, लूक २३:४६. एकेक वाचा, काही मिनिटं शांत राहा, एक गीत म्हणा. सात जणांचं कुटुंब किंवा सात मित्रांचा ग्रुप असेल तर एकेकाला एक उद्गार वाटून द्या. ड्युटीवर असाल तर प्रत्येक तासाला एक वचन वाचायचं ठरवा. संगीतकार हायडन यांनी १७८६-८७ च्या सुमारास स्पेनमधल्या कादिझ शहरासाठी याच सात उद्गारांवर वाद्यरचना केली होती : एक उद्गार, त्यावर मनन, मग त्याचं संगीत. शब्द नसल्यामुळे प्रार्थनेच्या वेळी ती मंद आवाजात लावता येते.

तिसऱ्या उद्गारापाशी मात्र जास्त वेळ थांबा. वधस्तंभावरून प्रभूने आपल्या आईला शिष्याकडे सोपवलं आणि त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेलं. इतक्या यातनेत येशूने एक घर उभं केलं! आपल्या घरात कुणी आजी आहे का, जिला यंदा मंडळीत जाता येणार नाही? तिला लाइव्ह लावून देणं, आवाज वाढवून देणं, तिच्या शेजारी बसून तिच्या आवडीचं गीत शोधून देणं, हे या उद्गाराचं आज्ञापालन आहे. मोबाईल लावून देऊन आपल्या खोलीत निघून जाऊ नका. शेजारी बसा.

पवित्र शनिवार. आज काहीच लावू नका. लूक २३:५६ सांगतं की स्त्रियांनी सुगंधी द्रव्यं तयार केली आणि शब्बाथ दिवशी विसावा घेतला. गीत नाही, व्हिडिओ नाही, स्टेटस नाही. ज्याचं कुणी गेलं आहे त्याला हा दिवस चांगला कळतो. त्या माणसाला आज एक फोन करा.

पुनरुत्थानाचा रविवार. पहाटे उठा. खिडकी उघडा. योहान २० वाचा. मग गा, आणि आज आवाज राखून ठेवू नका! स्तोत्र ११८:२४ मध्ये ज्या दिवसाबद्दल सांगितलं आहे, जो देवानेच घडवला, तो दिवस आज आहे.

७. आपल्या भाषेतली घरातली परंपरा

घरातून पवित्र काळ पाळणं ही मोबाईलने आणलेली नवी गोष्ट नाही. मराठी ख्रिस्ती लोकांचा हा फार जुना वारसा आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आले. इथल्या नव्या ख्रिस्ती लोकांना पुराणं ऐकायची सवय होती. त्यांच्यासाठी स्टीफन्स यांनी मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचलं, सुमारे ११ हजार ओव्यांचं. १६१६ मध्ये ते छापलं गेलं. ते चर्चमध्ये आणि घरांत वाचलं जाई. पुढे त्या काळच्या छापील प्रती मिळेनाशा झाल्या, पण हस्तलिखितं लोकांनी जपली. १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ सालदान्हा यांनी ते पुन्हा छापलं, ते अशा हस्तलिखितांच्या आधारे. कुणीतरी घरात दिव्याच्या उजेडात ओवी ओवी उतरवून ठेवली, म्हणून आपल्याला ती मिळाली.

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी प्रभूला अभंगात आणि भजनात गाइलं. त्यांची कितीतरी गीतं आजही 'उपासना संगीत'मधून आपण म्हणतो. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या निधनामुळे अपुरं राहिलं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी, ज्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या, ज्यांचं लिहिणंवाचणं घरातच झालं. एक गाणं घरात कसं पुढे जातं याचं हे आपल्या भाषेतलं उदाहरण आहे.

म्हणून इंग्रजी वर्शिप प्लेलिस्ट जरूर ऐका, पण या आठवड्यात एक तरी जुनं मराठी भजन शिका. आईला विचारा, आजीला चाल विचारा. टाळ किंवा डफ नसेल तर टेबलावर ठेका धरा.

८. अम्माऊसचं घर आणि परतीची वाट

शेवटी एक गोष्ट, आणि ती टाळून चालणार नाही.

पुनरुत्थानाच्या संध्याकाळी येशू दोन घरांत गेला. अम्माऊस गावी त्या दोघांनी त्याला आग्रहाने ठेवून घेतलं, तो त्यांच्या पंक्तीला बसला, भाकर मोडली आणि त्यांचे डोळे उघडले. आणि यरुशलेमेत शिष्य भीतीने दारं बंद करून बसले होते, तिथे तो मध्ये येऊन उभा राहिला (योहान २०:१९). बंद दार त्याला अडवू शकलं नाही. तुझ्या फ्लॅटचं दारही अडवू शकणार नाही.

पण अम्माऊसच्या त्या दोघांनी मग काय केलं? लूक २४:३३ पाहा. ते त्याच घटकेस उठले आणि यरुशलेमेला परत गेले. साधारण अकरा किलोमीटर, रात्रीची वेळ, आधीच चालून दमलेले. घरात प्रभू भेटला होता, तरी ते घरात थांबले नाहीत. भेटला म्हणूनच ते उठले. आणि तिकडे अकरा जण व इतर एकत्र जमलेले होते.

घरातली उपासना खरी होती की नाही, याची ओळख मला वाटतं इथे आहे. ती आपल्याला भावंडांकडे नेते का? इब्री १०:२५ एकत्र मिळणं सोडू नका असं सांगतं. हे वचन आजारी माणसाला किंवा शिफ्टवर असलेल्या मुलीला दोष देण्यासाठी नाही. ज्याला जाता येतं आणि जो सोफ्यावर बरं वाटतं म्हणून जात नाही, त्याच्यासाठी ते आहे. तू यांपैकी कोण, हे तुला आणि प्रभूला माहीत आहे. जाता येत असेल तर ऊठ आणि जा. येत नसेल तर स्तोत्र ४२ म्हण, त्यातल्या माणसाला देवाच्या घरी समुदायाबरोबर चालत गेल्याची आठवण येऊन रडू येतं. ती ओढ दाबून टाकू नकोस. ती ओढही प्रार्थना आहे. आणि जो कुणी मंडळीत बसला आहे त्याने आपल्या बाकावरची रिकामी जागा पाहावी, आणि घरी जाताना त्या भावाच्या, त्या बहिणीच्या दाराची बेल वाजवावी.

आज विचार करा

• या सप्ताहात माझ्या ओळखीचं "लहान घराणं" कोणतं? मी त्यांना कोणत्या दिवशी फोन करीन किंवा बोलवीन?

• मी घरी आहे ते नाइलाज म्हणून की सोय म्हणून?

• आज्ञा गुरुवारी जेवणानंतर मी कोणतं गीत गाईन?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू दुसऱ्याच्या घरातल्या खोलीत बसून, तुला सोडून जाणाऱ्यांबरोबर गाइलास. आमच्या खोलीतही ये. ज्यांना यंदा मंडळीत जाता येणार नाही, जे आजारी आहेत, कामावर आहेत, घरापासून दूर आहेत, ज्यांना तुझं नाव मोठ्याने घेता येत नाही, त्यांच्या ओठांची हालचाल तू ऐक. आम्हाला तुझ्याबरोबर एक तास जागं राहायला शिकव. आणि तू भेटलास की आम्हाला उठव, आमच्या भावंडांकडे परत चालव. तुझ्याच नावाने मागतो, आमेन.